आजीच्या गाण्यांचे कुलूप आणि हातभर वायर

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही बुटाच्या नाडीएवढे बारीक आहात. तुम्हाला दोन्ही टोकांना तोंड आहे आणि एका तोंडातून शिरलेले गाणे दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. जमले? मग तुम्ही मला ओळखलेत. मी एक जुनी वायर आहे. काळी, हातभर लांब, दोन्ही टोकांना पिन असलेली.

केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांपासून मला बनवले. मुर्री गावच्या सुमनबाईंनी मला गोंदियाच्या बाजारातून घरी आणले. त्यांच्या महिला मंडळाने भाताच्या रोवणीची गाणी म्हटली होती आणि एका छोट्या कंपनीने त्यांची सीडी काढली होती. माझे एक टोक सीडी प्लेअरमध्ये, दुसरे भोंग्याच्या मशीनमध्ये. सुमनबाईंचा आवाज माझ्या पोटातून धावत सगळ्या वस्तीवर पसरे. "वायर एवढीशी, पण आवाज कसा खणखणीत," असे बाया म्हणत तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे पेन ड्राइव्ह आले. मला कोणी विचारेना. एके दिवशी मच्छरदाणीची दोरी तुटली आणि तिच्या जागी मला बांधले. आठ वर्षे मी खिळ्याला लटकून डास मोजले.

याच काळात सुमनबाईंच्या घशाचे ऑपरेशन झाले. त्या वाचल्या, पण गाणे गेले. आता त्या कुजबुजल्यासारख्या बोलत. त्यांचा गाता आवाज उरला तो एका सीडीवर. बाकीच्या सीड्या ज्यांनी मागून नेल्या, त्यांच्याकडेच राहिल्या. प्लेअरही म्हातारा झाला होता, मध्येच थांबे. तो कायमचा थांबण्याआधी गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवायची, असे त्यांच्या नातीने, समीक्षाने ठरवले. बुद्धपौर्णिमेला ती विहारात वाजवायची होती.

तिचा काका संघदीप मोबाइल दुरुस्त करतो. त्याने सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. गाण्यांऐवजी पडद्यावर सूचना आली, की या सीडीची नक्कल करता येणार नाही. त्याने खटपट करून एक गाणे उतरवले, तर त्यात नुसती करकर.

"छोड ना बेटा," तो म्हणाला. "याले कंपनीनं लॉक मारला आहे. चोरून विकू नये म्हणून. आता कंपनीच बंद, तर चावी कोणाले मागू?"

सुमनबाई खाटेवरून कुजबुजल्या, "गाणं माहं, आवाज माहा, अन् कुलूप मलेच?"

"लॉक तुले वळखत नाही ना माय."

मित्रांनो, कुलूप लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्याने दारामागे गाणारीलाही कोंडले होते. समीक्षा प्लेअरकडे पाहत होती. मग तिने विचारले, "काका, प्लेअरवर तं वाजते ना? आपल्याले ऐकू येते ना?"

"येते. मंग?"

"मंग कॉम्प्युटरलेही ऐकवू. नक्कल नको करू म्हणा, नुसतं ऐक अन् लिहून घे. आजी, चालन ना तुले?"

"मलेच इचारतेस का वो? कर."

संघदीप हसला. "ऐकवायले दोन्हीकडून पिनवाली वायर पाहिजे. आता कोण वापरते ते?"

समीक्षाने वर पाहिले. मच्छरदाणी धपकन तिच्या काकाच्या डोक्यावर पडली आणि मी तिच्या हातात आले.

एक टोक प्लेअरच्या हेडफोनच्या भोकात, दुसरे कॉम्प्युटरच्या गुलाबी भोकात. आवाज आला, पण फाटका, घोगरा. "गेली तुही वायर," संघदीप म्हणाला. माझा जीव तुटला. समीक्षाने घाईने मला मधूनच धरून ओढले.

"पिन धर पोरी," सुमनबाई म्हणाल्या. "मानगूट धरून ओढलं तं कोण गाईल?"

दोष माझा नव्हता. गुलाबी भोक माइकच्या अगदी बारीक आवाजासाठी असते, वाजता आवाज त्याला सोसत नाही. समीक्षाने पिन धरून मला शेजारच्या निळ्या भोकात बसवले, प्लेअरचा आवाज थोडा कमी केला आणि पुन्हा वाजवले. पडद्यावर हिरव्या लाटा उठल्या. काय सांगू तुम्हाला! आठ वर्षांनी सुमनबाईंचा भरदार आवाज माझ्यातून धावला आणि कुलूप तसेच लटकत राहिले. घाई चालत नव्हती. जेवढे मोठे गाणे, तेवढाच वेळ. पाऊण तास कोणी जागचे हलले नाही. संघदीपने तर मच्छरदाणीही डोक्यावरून काढली नाही.

सगळी गाणी उतरली. फक्त शेवटच्या गाण्यात सीडीला ओरखडा होता. "वाकून रोवू धान बाई..." म्हणून आवाज उडी मारी आणि पुढची ओळ गिळून टाकी. समीक्षाने ती ओळ कधीच ऐकली नव्हती.

"आजी, पुढं काय आहे?"

सुमनबाईंनी तिला जवळ ओढले आणि कानात सांगितले. चाल हाताने खाटेवर वाजवून दाखवली, दोनदा, तीनदा.

समीक्षा पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. तिने पिन धरून मला अलगद काढले, सैल गुंडाळून मांडीवर ठेवले. मग गुलाबी भोकात काकाचा माइक लावला, पाठ ताठ केली आणि आजीची राहिलेली ओळ गायली, "वाकू न देऊ मान."