सगळ्यांना चालेल असा रंग

एल्सबर्ग आणि टोव्हरुड या दोन गावांत मिळून यापुढे एकच लुथरन चर्च राहील, असा निरोप बिशपच्या कचेरीतून आला, तेव्हा आमच्याकडे कुणीही आवाज चढवला नाही. पश्चिम मिनेसोटात आवाज फक्त गुरांवर चढवतात, आणि नंतर त्याचंही वाईट वाटून घेतात. निरोप फार गोड होता. सप्टेंबरात कचेरीची माणसं येतील, दोन्ही इमारती बघतील आणि जिचं सभागृह जास्त वापरण्याजोगं असेल ती ठेवतील. दुसरी विकतील.

टोव्हरुडच्या सभागृहाच्या जमिनीवर लिनोलियमचं स्वस्त आच्छादन होतं. आमच्याकडे अस्सल ओकच्या फळ्या होत्या, पण त्यांच्यावर कित्येक वर्षांची सांडलेली कॉफी मुरलेली. त्या घासून नवं पॉलिश चढवलं की आपण जिंकलो, असं प्रत्येकाला वाटलं. ‘जिंकलो’ हा शब्द अर्थातच कुणी वापरला नाही.

खरी गरज होती ती लवॉन स्कारस्टाडला. ती चर्चच्या बरोबर समोर राहते. नवरा गेला, मुलगा अॅरिझोनात स्थायिक झाला, आणि डोळे अधू झाल्यावर गाडी चालवण्याचा परवानाही गेला. रविवारची प्रार्थना, बुधवारचं गोधड्या शिवणं, मयतीनंतरचं हॅम सँडविच: तिचं माणसांशी जे काही बोलणं व्हायचं ते या एका इमारतीत. टोव्हरुड वीस मैलांवर आहे. तिच्या दृष्टीने ते नॉर्वेत असतं तरी फरक पडला नसता.

म्हणून जमीन-समितीत तिला घेतलं. बाकी आम्ही चौघं. डेल्मर क्वाम, ज्याने आयुष्यभर गावातलं हार्डवेअरचं दुकान चालवलं. आर्लिस टॉलेफसन, जी घरं सजवण्याचे कार्यक्रम टीव्हीवर बघते. पास्टर गेल, आमच्या चर्चची धर्मोपदेशिका. आणि मी. मी काउंटीच्या शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे काय काय बिघडू शकतं याची मला कल्पना असेल असा समज होता.

जूनमध्ये भाड्याचं यंत्र आणून फळ्या घासल्या. खालून असं कोवळं, गोरं लाकूड निघालं की आम्हाला त्याच्याकडे बघायला संकोच वाटला. डेल्मरने पियानोशेजारी रंगाचे तीन पट्टे ओढले: मधासारखा, अक्रोडासारखा आणि राखाडी. आम्ही भोवती उभे राहिलो.

“राखाडी वेगळा आहे,” डेल्मर म्हणाला.

आमच्याकडे यापेक्षा जहरी विशेषण नाही. आर्लिसचा चेहरा पडला, पण तीही इथलीच.

“मधाचाही छानच आहे,” ती म्हणाली. “माझ्या आजीकडे अगदी अस्साच होता. आजी सगळं कसं जुनं ते जपायची.”

“अक्रोडावर धूळ दिसेल का हो?” मी विचारलं.

“दिसली तर दिसली,” डेल्मर म्हणाला. “पुसणाऱ्याला काम हवंच.”

“लवॉन, तुम्हाला कुठला आवडतो?” पास्टरने विचारलं.

“मला सगळेच एकसारखे दिसतात बाई,” लवॉन म्हणाली. “तुम्हाला आवडेल तो घ्या. फक्त घ्या.”

आम्ही घेतला नाही. जुलैभर दर बुधवारी जमलो, पट्ट्यांकडे बघितलं, ‘बार्स’ म्हणतात त्या गोड वड्या खाल्ल्या, कॉफी प्यायलो आणि ‘सगळ्यांना चालेल ते’ असं ठरवून घरी गेलो. उघड्या ओकवर कॉफीचे दोन नवे डाग पडले. ते कुणाचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही.

ऑगस्टच्या अगदी अखेरीस पास्टर गेल म्हणाली, “तिन्ही एकत्र केले तर?”

कुणाचंच मन मोडणार नाही असा हा एकच उपाय होता, म्हणून सर्वांनी मान डोलावली. तिन्ही डबे बादलीत ओतून ढवळले. तयार झालेल्या रंगाला नाव नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर गोठ्यामागे जे उघडं पडतं, त्याच्या जवळपास जाणारा तो होता.

“वाईट नाही,” आर्लिस म्हणाली.

“याहून वाईट बघितलेत,” डेल्मर म्हणाला.

मग वरच्या फिनिशचा प्रश्न आला. डेल्मरला तेलाचं, पिवळसर, चकाकणारं हवं होतं. आर्लिसला पाण्याचं, मॅट, वास न येणारं. रंग तेलाचा घेऊन डेल्मरचा मान राखला गेला होता, तेव्हा फिनिश पाण्याचं घेऊन आर्लिसचा राखायचा, असा न्याय झाला. खाली तेल, वर पाणी. मध्ये दोन्हींना धरून ठेवणाऱ्या सीलरचा हात द्यावा का, हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण आर्लिस ब्रश घेऊन उभी होती आणि कचेरीची माणसं दोन दिवसांवर आली होती. हवा दमट, रंग अजून बोटाला लागत होता. आम्ही फिनिश चढवलं. संध्याकाळी जमीन काचेसारखी दिसली. लवॉन दारातून नुसती वास घेत उभी होती. “लग्नघरासारखं वाटतंय,” ती म्हणाली.

कचेरीतून दोघे आले. घडीच्या खुर्च्या मांडल्या, ते बसले, आणि उठले तेव्हा खुर्च्यांच्या पायांबरोबर जमिनीचं कातडंही उठलं. उन्हाने भाजलेल्या पाठीसारखे पापुद्रे. त्यातला एक पाहुण्याच्या बुटाला चिकटून दारापर्यंत गेला.

“रंग फार धाडसी आहे,” पाहुणा म्हणाला.

ते गेल्यावर डेल्मर वाकला आणि एक पापुद्रा नखाने सोलत म्हणाला, “तेलाचा रंग पुरता सुकल्याशिवाय वर पाण्याचं चढवलं की हेच होतं. दुकानात गिऱ्हाइकांना मी आठवडाभर थांबवायचो.”

“अहो, मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“आर्लिस इतकी आनंदात होती,” डेल्मर म्हणाला.

कचेरीने टोव्हरुड निवडलं. नियमाप्रमाणे शेवटचं मत चर्चच्या सभासदांचं. ऑक्टोबरातल्या सभेत पास्टर गेल म्हणाली, “एकानेही विरोध नोंदवला तरी वर्षभर पुन्हा विचार होऊ शकतो. एकाचाही पुरे.” हे ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा जरा सावकाश.

सगळ्यांनी लवॉनकडे न बघता लवॉनकडे बघितलं. तिने विरोध केला असता तर आम्ही सगळे मागे उभे राहिलो असतो. निदान प्रत्येकाचा मनातून तसा बेत होता. पण पहिलं कुणी व्हायचं?

“माझ्यामुळे कुणाची अडचण नको,” लवॉन म्हणाली, आणि बंद करण्याच्या बाजूने तिने सर्वांत आधी हात वर केला. मग आमचेही गेले. ठराव एकमताने मंजूर झाला. नंतर कॉफी झाली.

वसंतात मिनिअॅपोलिसच्या एका तरुण जोडप्याने इमारत राहायला घेतली. त्यांनी जमीन पुन्हा घासली, दुकानात उभ्या उभ्या गडद रंग निवडला, डब्यावर लिहिलेले दिवस थांबले. फार सुंदर झाली. जमिनीवर उजेड पडला की रस्त्यावरूनही दिसते.

हे त्या जोडप्यातल्या मुलीने लवॉनला सांगितलं आणि लवॉनने मला. मी लवॉनकडे अधूनमधून जातो. म्हणावं तितका नाही. त्या मुलीने पहिल्याच आठवड्यात रस्ता ओलांडून तिला बोलावलं होतं: आजी, कॉफीला या ना, हात धरून नेते.

“मग?” मी विचारलं.

“मी म्हटलं, नको गं, तुला कशाला त्रास.”

आमच्याकडे अशा वेळी समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं, मग पुन्हा नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, थोडीशीच’ म्हणत निघायचं. लवॉनने चपला पायात घालून ठेवल्या होत्या.

पण ती मुलगी शहरातली. तिने विश्वास ठेवला.