सही मिळणार नाही

“सर, ऐसे हॉल के लिए मैं ‘सब ठीक’ नहीं लिखूँगी,” विनता म्हणाली.

विनता डबीर एका विमा कंपनीच्या जबलपूर ऑफिसात कंत्राटी नर्स होती. करोनामुळे दीड वर्ष घरून काम करणारी माणसं सोमवारी परत येणार होती. कोणाला काय आजार, कोणाला कुठे बसवलं तर धोका, हे तपासून तिने सही केल्याशिवाय ऑफिस उघडायचं नाही, असा मुख्यालयाचा हुकूम होता. इथे तर एसीसाठी खिडक्या खिळे ठोकून बंद, आणि टेबलं कोपराला कोपर लागेल अशी.

“दीदी, सबको टीका लग चुका है,” मॅनेजर दुबे हसले. “फिर किसकी चिंता?”

“देवदत्तजी की.”

क्लेमचं काम पाहणारे देवदत्त भुस्कुटे केबिनबाहेर बाकावरच होते. त्यांची किडनी बदललेली. त्यासाठीच्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकदच अशी कमी केली होती की लशीचाही भरवसा नव्हता. ती बाहेर येताच ते उठले.

“ताई, फिट लिहून द्या ना. काहून अडवून राहिल्या?”

“घरून काम चाललंय ना चांगलं, भाऊ?”

“काम चालून राहिलं. मी नाही. घरात मी बोललो की सगळे आधी माझं कपाळ पाहतात, ताप आहे का म्हणून. मरायचंच तर टेबलावर मरीन.”

“मरायचं काहून?” विनता म्हणाली. “ बसा इथंच.”

ती पुन्हा आत गेली. “सर, पीछे का स्टोर खाली कराइए, देवदत्तजी वहाँ अकेले बैठेंगे. हॉल की खिड़कियाँ भी खुलेंगी. तब साइन करूँगी.”

“आपका कॉन्ट्रैक्ट अगले महीने ख़त्म है. याद है ना?”

“याद है, सर.”

ती खुर्ची ओढून समोर बसली. जेवायची सुट्टी झाली तरी उठली नाही. शेवटी दुब्यांनी चिडून सुताराला फोन लावला.

सोमवारी ऑफिस उघडलं. उकाड्याने लोक कुरकुरले, पण खिडक्या उघड्याच राहिल्या.

पुढच्या महिन्यात विनताचं कंत्राट वाढवलं नाही. शेवटच्या दुपारी दवाखान्याच्या खोलीची किल्ली देऊन ती मागच्या बाजूला स्कूटी काढायला गेली. मागच्या स्टोरमधून देवदत्तांचा आवाज येत होता. फोनवर ते कोणाला तरी खणखणीत झापत होते, “अरे भैया, क्लेम ऐसे थोड़े ही पास होता है!”

तिने स्कूटीची किल्ली फिरवली नाही. स्कूटी तशीच ढकलत फाटकापर्यंत नेली, आणि मग सुरू केली.