घड्याळजींचा बटणांचा शर्ट

दुसऱ्याच्या अर्धांगवायूचा हेवा वाटावा, अशी वेळ मास्तरांवर वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आली.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या वाढत्या कमरा मोजल्या आणि कुणाचा आकडा कुणाला सांगितला नाही, एवढी सचोटी. एका सकाळी हातातून कात्री पडली, ती उचलायला मास्तर वाकले आणि तेही पडले. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात बचावलात." बचावलेल्या भागात उजवा हात नव्हता. खांद्याला होता, पण पाहुण्यासारखा. आरामात बसायचा, कामाचं नाव काढायचा नाही.

त्याच आठवड्यात चौकातल्या घड्याळजींचाही उजवाच हात गेला. डॉक्टर तेच, गोळ्या त्याच, आणि हॉस्पिटलच्या तळमजल्यावर व्यायामाची वेळही तीच, सकाळी दहाची. तिथल्या मॅडम दोघांना एकाच टेबलाशी बसवत आणि एका वाडग्यातल्या गोट्या दुसऱ्या वाडग्यात टाकायला लावत. दोन महिने दोघांच्या गोट्या सारख्याच सांडल्या. तोवर दोघांचं सख्ख्या भावांहून बरं चाललं होतं.

मग एका सोमवारी घड्याळजी बटणांचा शर्ट घालून आले.

गळ्यापासून पोटापर्यंत सात बटणं, सातही लावलेली. मास्तर मात्र डोक्यातून घालायच्या टीशर्टात. जन्मभर तयार कपड्यांना 'पोती' म्हणणारा माणूस स्वतः पोत्यात बसला होता.

"कुणी लावून दिली?" मास्तरांनी सहजच विचारल्यासारखं विचारलं.

"माझ्या घरी आहे कोण लावून द्यायला? माझी मीच."

"वेळ बराच लागला असेल."

"चाळीस सेकंद." घड्याळजीच ते, मिनिटाच्या खाली बोलणार.

मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर डॉक्टरांकडे गोळी नव्हती.

त्याचं कारण असं, की मास्तरांनी एक पण केला होता. स्वतःच्या हातानं शर्ट घातल्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही. पणही मोठा सोयीचा होता. हात चालत नाही म्हणून शर्ट नाही, शर्ट नाही म्हणून दुकान नाही, आणि दुकान नाही म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला कुणाची हरकत नाही. दुकान बायको एकटी ओढत होती.

"अहो, नुसतं बसायला तरी या. गिऱ्हाइकं विचारतात," ती म्हणायची.

"सांग त्यांना, मास्तर संपले."

"तसं सांगितलं तर भेटायला येतील, आणि चहा मलाच करावा लागेल."

त्या सोमवारी मात्र मास्तर भिंतीकडे पाठ करून बसले. "तो घड्याळजी सात बटणं लावतो. चाळीस सेकंदात!"

बायको सुईत दोरा ओवत होती. "मेहनती माणूस आहे हो," ती म्हणाली.

त्या 'हो'नं मास्तर आरपार भाजले. मंगळवारी त्यांनी कपाटातून स्वतः शिवलेला जुना शर्ट काढला, खुर्चीच्या पाठीला चढवला आणि खुर्चीसमोर बसले. अंगठ्यानं बटण ढकलावं, तर पलीकडून ओढून घ्यायला बोट जागेवर नसायचं. काजं जरा मोठी करावीत, असा विचार मनात आला. पण ती बेइमानी झाली असती, शिवाय कात्रीही धरता येत नव्हती. पहिलं बटण अकराव्या दिवशी लागलं. मास्तरांना आनंद झाला, तो सकाळी दहापर्यंत टिकला. समोर घड्याळजींची सात तयारच होती. मास्तर रोज ती मोजायचे. एखादं तरी चुकीच्या काजात जावं, अशी त्यांनी मनोभावे इच्छा केली, पण ते कधी गेलं नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी, शर्ट अंगावर असताना, मास्तरांची सातही बटणं लागली. ते टेबलाशी येऊन बसले, तेव्हा घड्याळजींचा चेहरा चावी संपल्यासारखा थांबला.

"किती वेळ लागला?"

"मोजला नाही," मास्तर म्हणाले. सतरा मिनिटं लागली होती.

तेवढ्यात मॅडमनी हात सरकायला टेबलावर पावडर झटकली आणि घड्याळजींना शिंक आली. शिंक दणदणीत होती. टिच, टिच, टिच करत त्यांचा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत उघडला. बटणं जिथल्या तिथे होती.

मास्तरांनी तो शर्ट पहिल्यांदाच शिंप्याच्या नजरेनं पाहिला. वर शोभेला शिवलेली बटणं, खाली टिचबटणं. तळव्यानं दाबलं की झालं. आणि प्रत्येक बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे, गाठ डावीकडे. ही गाठ त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी एकाच व्यक्तीला शिकवली होती.

"वहिनींनी करून दिला," घड्याळजी शर्ट धरून म्हणाले. "त्यांना बोलू नका. मीच शपथ घातली होती. शिंप्यासमोर रोज टीशर्टात बसायची लाज वाटायची हो." मग मास्तरांच्या छातीकडे बघत म्हणाले, "तुमची खरी आहेत?"

"ओढून बघा."

घड्याळजींनी ओढून बघितली. "मास्तर, खरं सांगू? मला तुमचा भयंकर राग येतोय."

इतकं बरं मास्तरांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तिथून ते तडक दुकानात गेले. पायरी चढताना पण वगैरे आठवलाच नाही. "तू मला फसवलंस!"

"मी गिऱ्हाइकाचं काम केलं," बायको मशिनवरून मान न उचलता म्हणाली. "चाळीस वर्षं शिवताय, आणि हातभर अंतरावरचं टिचबटण दिसलं नाही? शर्ट बघत होता की माणूस?"

मास्तर स्टुलावर बसले, आणि दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींचा शर्ट दुकानात आला. टिचबटणं काढा, खरी काजं करा, असा निरोप होता. "मी करतो," मास्तर म्हणाले. सुईला चिंधी गुंडाळून ती जाड केली, तेव्हा कुठे बोटांत राहिली. पहिलं काज डास चावल्यासारखं सुजलं. सातवं, नीट पाहिलं तर, काजासारखं दिसत होतं. नऊ दिवस लागले. फक्त सातही काजं त्यांनी दोराभर घट्ट ठेवली. शिंप्याच्या धर्मात हे बसत नाही, पण माणसाच्या बसतं.

महिन्याभरानं घड्याळजी तो शर्ट घालून दुकानाच्या दारात उभे राहिले. मास्तरांनी उठून बटणपट्टी उलटून पाहिली. टिचबटण नव्हतं.

"किती वेळ?"

"सोळा मिनिटं. काजं कुणी केली हो इतकी घट्ट?"

बायको खाली बघून हसली. मास्तरांच्या पोटात ओळखीचं दुखू लागलं होतं. त्यांनी टेबलावरची मोठी कात्री ओढली आणि तिच्यात अंगठा घातला. कात्री उघडली. मिटायला अजून थोडा वेळ होता, पण घड्याळजी बघत होते.