न प्यायलेली कॉफी

बाबांना जाऊन तिसरा दिवस. जॉर्डनमधल्या इर्बिदच्या आमच्या घरात सांत्वनाला आलेल्या बायकांची बैठक भरली होती. बाबा विद्यापीठात पहिल्या वर्षाला सामाजिक मानसशास्त्र शिकवायचे. त्यांच्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. छापण्याआधी तपासायची मुद्रितं माझ्या टेबलावर पडली होती.

"माझ्या भावानं, वासफीनं, कधी कुणाचा हक्क मारला नाही," इन्साफ आत्या म्हणाली. शेजारणीनं तेच म्हटलं. पलीकडच्या दोघींनीही. बाबांच्या विभागातल्या डॉ. ग़ादांनी मान डोलावली.

मग अरीज. बाबांची जुनी विद्यार्थिनी. तिनं कडू कॉफीचा कप ओठाला न लावता खाली ठेवला.

काही मागायला आलेल्यानं मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला शिवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पण मयताच्या घरात तो कुणी चालवत नाही.

"मेलेल्या माणसाकडे कसलं मागणं गं बये?" आत्या कडाडली.

"चौथा धडा माझा आहे. बसथांब्यावरचा प्रयोग मी केला, दोन हिवाळे. पुस्तकात माझं नाव नाही."

"तेव्हा दातखीळ बसली होती?"

"तेव्हा माझे गुण त्यांच्या हातात होते."

"खोटारडी! लुब्ना, सांग हिला."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

दर वर्षी पहिल्या तासाला बाबा फळ्यावर दोन रेघा ओढायचे. आधीच पढवलेली सहा मुलं आखूड रेघेला लांब म्हणायची. सातवा, नवखा, खाली मान घालून तेच म्हणायचा. मग बाबा सहांपैकी एकाला खरं बोलायला लावायचे, की नवख्याला कंठ फुटायचा. "एक पुरतो," असं म्हणत बाबा हातावरचा खडू झटकायचे.

चौथ्या धड्याचं हस्तलिखित मीच टाइप केलं होतं. अक्षर बाबांचं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

"ती खरं बोलतेय," मी म्हणाले. "कॉफी पी, अरीज. नाव घालते."

"बापाच्या कबरीची माती ओली आहे अजून!" आत्या म्हणाली.

"मलाही ठाऊक होतं," डॉ. ग़ादा पुटपुटल्या.

"मग मघाशी मान कशाला डोलावलीत?" आत्या त्यांच्यावर उखडली.

अरीज हलली नाही. "आधी लिही."

मी मुद्रितं आणली. चौथ्या धड्यावर बाबांच्या नावाशेजारी पेनानं तिचं नाव लिहिलं. तिनं ते वाचलं, गार कॉफी एका घोटात संपवली, आणखी नको म्हणून कप हलवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

"तो कप मी धुणार नाही," आत्या म्हणाली.

मी धुतला.