चमकत्या रेषेपलीकडची वलये

वलयमास्तरांना संस्थेतून निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. परंतु जिन्याच्या सातव्या पायरीचा कोपरा तुटलेला आहे, हे त्यांच्या पायाला अजून ठाऊक होते. खाली न पाहताच त्यांनी ती पायरी ओलांडली, आणि आपल्या आधी आपला पाय इथे परतला, याबद्दल त्यांना स्वतःचाच किंचित राग आला.

ज्या खोलीकडे ते निघाले होते तिला सगळे वाचनखोली म्हणत. तिथे पुस्तके मात्र नव्हती; वाचायचे ते मणके. मुशी, म्हणजे शार्क, आणि तिचे चपटे भावंड पाकट यांच्या अंगात हाड नसते, सगळा सांगाडा कूर्चेचा. इतर माशांचे वय कानातल्या चिमुकल्या खड्यावरून कळते, तीही सोय इथे नाही. राहतो तो कण्यातला मणका. वर्षावर्षाला त्याच्यावर एक फिकट आणि एक गडद अशी जोडी चढत जाते. मणका राळेत बसवायचा, बारीक करवतीने नखाएवढा पातळ काप काढायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून वलये मोजायची. मास्तरांनी हे काम चौतीस वर्षे केले, आणि खरे नाव मागे पडून ते वलयमास्तर झाले.

दार उघडले आणि राळेचा, फॉर्मॅलिनचा तो जुना, गोडसर, नाकात बसणारा वास समोर आला. भिंतीला लागून खणांची कपाटे तशीच होती. वरच्या ओळीत हातोड्यासारख्या डोक्याची मुशी. तिच्याखाली करवत मासा, ज्याचे आयुष्यात फक्त सहा मणके मास्तरांच्या हाती आले आणि पुढे तो मासाच दिसेनासा झाला. मग नाना जातींची पाकटे, चकतीएवढ्यापासून खाटेएवढ्यापर्यंत. विजेचा झटका देणारे ते लबाड पाकट. आणि अगदी तळाशी खोल पाण्यातली काटेरी मुशी, जिच्या मणक्यावर काही म्हणजे काही उमटत नाही आणि वय विचारायचे तर पाठीच्या काट्याला विचारावे लागते. प्रत्येक खणावरची चिठ्ठी एकाच गोलसर, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात होती. मास्तर त्या अक्षराकडे पाहत उभे राहिले. ते त्यांच्या पत्नीचे होते. तिला जाऊन सहा वर्षे झाली होती.

त्या खोलीचा एक कायदा होता. एकाच मणक्याचे वाचन दोघांनी आपापल्या कापावर करायचे, पाठीला पाठ लावून. आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, आणि चिठ्ठ्या जुळेपर्यंत खोलीत कोणताही आकडा उच्चारायचा नाही. दुसऱ्याच्या तोंडचा आकडा कानावर पडला की डोळा तोच शोधू लागतो, हे मास्तरांचे म्हणणे. म्हणून वाचन चालू असताना चहाचे कपसुद्धा बोटांनी सांगायचे. चिठ्ठीवर खाडाखोड झालीच, तर एका रेघेने; खोडरबराला खोलीत मज्जाव. पहिला वाचक मास्तर. दुसरी त्यांची मेहुणी, जिला घरात आणि संस्थेतही धाकटी म्हणत. आणि चिठ्ठ्या उघडायची ती मास्तरांची पत्नी, धाकटीची ताई, संस्थेची नोंदणीकार. आकडे जुळले, तर ती बोलत नसे. दोन्ही चिठ्ठ्या एका टाचणीत टोचून ठेवी. न जुळले, तर दोघांच्या पुढ्यात त्या उपड्या ठेवून म्हणे, "पुन्हा बघा. आणि घरी जाताना भांडण इथेच ठेवून चला."

एक भांडण मात्र तिलाही तिथे ठेवता आले नाही. मास्तरांनी राखी पाठीच्या मुशीच्या वयांचा तक्ता छापायला काढला, तेव्हा धाकटीने खाली एक टीप मागितली: मोठ्या माद्यांच्या कडेची वलये दाटत जातात, पुढे बहुधा उमटतच नाहीत, तिथे आमच्या मोजणीवर विसंबू नये. मास्तर खवळले. वर्षाला एक वलय, हा तक्त्याचा पायाच; तोच ढिला म्हटला तर वर उभे राहायचे कशावर? "तुला दिसत नाही, म्हणजे तिथे नाही, असं नाही," ते म्हणाले होते. धाकटीने तक्त्यावरून आपले नाव काढून घेतले आणि बदली मागितली. एकोणीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ताई होती तोवर सणासमारंभाला तोंडदेखले बोलणे तरी होई. ती गेली, आणि तेही संपले. तक्ता मात्र राहिला. त्या मुशीची मादी कितव्या वर्षी वयात येते, किती वर्षे जगते, आणि म्हणून दर हंगामात किती मुश्या जाळ्यात येऊ द्यायच्या, हे सारे अजून त्याच्यावरच ठरत होते.

खिडकीपाशी संशोधिका उभी होती. ही मुलगी आता या खोलीची धनी. आठवड्यापूर्वी तिनेच फोनवर एक क्रमांक वाचून दाखवला होता आणि मास्तर पलंगावर उठून बसले होते.

"बसा, सर. मॅडमही येताहेत."

"कोण मॅडम?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

मास्तर छत्री उचलतात न उचलतात, तोच दारातून आवाज आला, "अरे वा! भाऊजी अजून तसेच. कपाळावरची आठीसुद्धा जागची हललेली नाही."

"तुझी जीभही जागेवर आहे, धाकटे."

"जाईल कुठे? तुमच्यानंतर कुणी भांडायच्या लायकीचा भेटलाच नाही. गंजून चालली होती."

ती पांढरी झाली होती, थोडी वाकली होती. पण खुर्ची ओढून घेण्याची पद्धत तीच, एका पायाने. संशोधिकेने घसा साफ केला. "दोघांनाही ठाऊक आहे कशासाठी बोलावलं ते. पंखाला आपला बिल्ला असलेली एक राखी पाठीची मुशी एका मच्छीमाराच्या जाळ्यात मेलेली सापडली. त्याने मणक्यांसकट पाठवली, भला माणूस. सोडताना तुम्ही तिला औषध टोचलं होतं; त्याची रेषा मणक्यात अजून चमकते. रेषेपलीकडची वलयं मोजायची. तिला कधी सोडलं ते मी सांगणार नाही. नियम तुमचाच."

"नियम पाळायचा तर बिल्ल्याचा क्रमांक सांगायला नको होतास," मास्तर म्हणाले. "तो माझ्या बायकोने लिहिलेला. सव्वीस वर्षं झाली."

"सव्वीसच," धाकटी हळूच म्हणाली.

संशोधिकेचा चेहरा पडला. "मग वाचनाला अर्थ काय उरला?"

"अर्थ उरला," मास्तर म्हणाले. "नुसती किंमत वाढली. उत्तर ठाऊक असताना जे दिसेल तेवढंच लिहायचं."

बोलले खरे, पण त्या आकड्याबरोबर ती सकाळ उठून आली, ती बसेना. लहानशी बोट, शिशाच्या रंगाचे पाणी, आणि बोटीच्या कडेला पाण्यातच धरून ठेवलेली दोन हातांहून लांब मादी. धाकटीने शेपूट धरले होते, मास्तरांच्या हातात सुई होती. ताईला बोट सोसत नसे. सकाळपासून तिला दोनदा ओकारी झाली होती. तरी ओला फडका मुशीच्या डोळ्यांवर धरून ती बसली होती. दुसऱ्या हाताने तिने क्रमांक लिहिला, तो पुन्हा वाचून घेतला, आणि फडका उचलताना त्या खरखरीत पाठीवर थोपटून म्हणाली होती, "जा बाई. घाई नको, सावकाश ये परत." त्यावर धाकटी इतकी हसली, की तिच्या हातून शेपूट सुटले आणि मास्तर नखशिखांत भिजले. त्या वर्षी त्यांनी एकसष्ट मुश्या सोडल्या होत्या. परत आलेली ही एकटी. फारच सावकाश आली. तिला परत ये म्हणणारी राहिली नव्हती.

पडदे ओढले गेले. दोघे पाठीला पाठ लावून आपापल्या जुन्या जागी बसले. डमरूच्या आकाराचा काप भिंगाखाली सरकला, जांभळा दिवा लागला, आणि अंधारात पिवळी रेषा उजळली: बारीक, अखंड, त्या सकाळची. मास्तरांनी तिच्यापासून कडेकडे मोजायला सुरुवात केली. पहिली काही वलये ऐसपैस होती. मग ती आक्रसली. बारा, तेरा, चौदा. पुढे केसाएवढ्या फटी. सतरा. आणि त्यानंतर काही नाही. कडेपर्यंत एक गुळगुळीत पट्टा, घासून वाचेनासे झालेले पान असावे तसा.

त्यांनी उलट, कडेकडून आत मोजले. सतरा. दिवा बदलला, काप फिरवला, चष्मा पुसला. सतरा.

सव्वीस वर्षांची सतरा वलये. म्हणजे नऊ वर्षे ती मुशी पोहली, शिकार केली, कदाचित पिलेही दिली, आणि मणक्याने त्यातले काहीच लिहून ठेवले नाही. मास्तरांची दृष्टी आपोआप मागच्या खणांकडे वळली. तिथल्या साऱ्या मोठ्या माद्या त्यांनी लिहिल्यापेक्षा म्हाताऱ्या होत्या. किती, ते आता कुणीच सांगू शकणार नव्हते. जी दोनतीन वर्षांतून एकदा मोजकी पिले देते, ती आपण समजतो त्याहून कितीतरी जास्त काळ जगून आपली संख्या कशीबशी टिकवते. आणि ती लवकर भरून निघेल म्हणून आपण जाळ्यांना दर हंगामात मोकळीक देत आलो. आपण, म्हणजे तक्ता. तक्ता, म्हणजे मी.

त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. तो गुळगुळीत पट्टा नीट पाहिला, तर अगदीच कोरा नव्हता. इथे एक सावली होती. तिथे दुसरी. मनात आणले, तर नऊ सावल्या सहज सापडल्या असत्या. चौतीस वर्षे मुरलेल्या डोळ्याला कोण खोटे म्हणणार होते? सव्वीस वलये, सव्वीस वर्षे. तक्त्याला उलट ठोस पुरावा मिळाला असता, आणि आयुष्याचे काम आयुष्याच्या शेवटी पाण्यात गेले नसते. पेन्सिल चिठ्ठीवर टेकली. दोनचा आकडा उमटलासुद्धा.

पाठीमागे धाकटीची खुर्ची किंचित करकरली. तीच करकर, तीच लय. काप फिरवताना ती नेहमी डाव्या बाजूला कलायची. मास्तरांना वाटले, आता ताई विचारील, झालं का? आणि चिठ्ठी उघडून ती नेहमीसारखी वर न पाहता आकडा वाचील. या चिठ्ठीकडेही तिने विश्वासानेच पाहिले असते. तो विश्वास त्यांना सोसवेना.

त्यांनी दोनवर एक रेघ ओढली आणि शेजारी लिहिले: सतरा.

पडदे उघडले. संशोधिकेने डब्यातल्या चिठ्ठ्या काढल्या, एक पाहिली, दुसरी पाहिली, आणि ती आकडा वाचणार एवढ्यात दोघे एकदमच म्हणाले, "मोठ्याने नाही!"

तिने गोंधळून दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. दोन्हींवर सतरा होते; मास्तरांच्या चिठ्ठीवर सतराच्या आधी तो खोडलेला दोनही होता. धाकटी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला कळले होते, आणि तिला कळले हे मास्तरांनाही कळले होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "खोडलेलं मोजत नाहीत. नियम आहे."

मास्तरांनी टेबलाचा खण उघडून पाहिला. "टाचण्या कुठे गेल्या इथल्या?" ते म्हणाले.

"आता सगळं संगणकावर, सर," संशोधिका म्हणाली. "टाचणी नाहीच."

धाकटीने पर्स उघडली, आतल्या आत बरीच खुडबुड केली, आणि एक टाचणी काढून पुढे केली. मास्तरांनी ती घेतली. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्यांच्या कडा जुळवून, ताई टोचायची तशी, डाव्या कोपऱ्यात टाचणी टोचली. मग ते संशोधिकेकडे वळले.

"लिहून घे. तक्ता मागे घेतला म्हणून मत्स्यखात्याला आजच कळव. सही मी करतो. नव्याने होईस्तोवर त्या मुशीला जाळ्यातून जितकं वाचवता येईल तितकं वाचवा, हेही घाल. आणि टीप. मोठ्या माद्यांच्या कडेची वलये दाटत जातात, पुढे बहुधा उमटतच नाहीत; तिथे आमची मोजणी चुकीची समजावी. खाली हिचं नाव. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख."

"चुकीची?" धाकटी ताठ झाली. "मी 'चुकीची' कधी म्हटलं? तिथे आमच्या मोजणीवर विसंबू नये, असं म्हटलं होतं मी."

"आशय तोच."

"तोच कसा? मोजणी बरोबरच होती, भाऊजी. सतरा होती, सतरा मोजली. लिहिलंच नव्हतं मणक्याने, त्याला आपण काय करणार? चुकलं ते वर्षाला एक, हे धरून चालणं."

"म्हणजे मी चुकलो, एवढंच ना? मग तसं लिही ना सरळ!"

"लिहिते की! आणि तारीख आजचीच घाला. मागल्या तारखेचे कागद मी करत नाही."

"ही कल्पना तेव्हाच तुला सुचली होती, हे तरी कळू दे जगाला!"

"कल्पना नाही, निरीक्षण!"

आवाज चढत गेले. संशोधिका एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली; मग दाराशी जाऊन तिने चाचरत विचारले, "चहा सांगू का? किती?"

दोघांचेही भांडण क्षणभरसुद्धा थांबले नाही. मास्तरांनी तिच्याकडे न पाहता तीन बोटे वर केली. आणि त्यांच्याकडे पाठ केलेल्या धाकटीनेही तीनच.