शेंदरी दगडांच्या आत

विश्वंभरनं मेंढीच्या पुठ्ठ्याला दोन्ही हात लावले आणि जोर करून ढकललं. मेंढीनं पुढचे पाय रोवले, मान खाली घातली आणि जागची हलेल तर शपथ.

"अगं, चल की! खायलाच सांगतोय, मरायला नाही!"

तिच्या नाकापुढं गुडघ्याएवढा पवन्या गवताचा पट्टा उभा होता. वाळलेला, पण दाट, पौषाच्या उन्हात नुसता चकाकत होता. मागं सगळा कळप मुरूम हुंगत, कुसळीच्या गवताचे खुंट कुरतडत उभा, आणि एकाही मेंढराला समोरचं गवत खावंसं वाटू नये! त्यानं दुसरी मेंढी धरली. तिनं हिसका दिला आणि कळपात घुसली. आता बोला.

खिशातला फोन वाजला. जीपचा ड्रायव्हर रवींद्र होता.

"सर, साखऱ्याच्या फाट्यावर आलो. मॅडम म्हणतात, आधी माळ बघू, चहा मागून."

विश्वंभरनं फोन खिशात कोंबला. वनखात्याच्या मॅडम आता सरळ इथंच येणार होत्या.

तो नरसीचा, शेतकऱ्याचं पोरगं, वनस्पतिशास्त्र शिकलेला. साखऱ्याच्या वरच्या अंगाचा हा माळ राखीव करायचं सरकारच्या मनात होतं, आणि त्याआधी माळावर गवत किती, झाडोरा किती, पाखरं कोणती याची मोजणी खात्यानं त्याच्याकडे ठेक्यानं दिली होती. अख्खा माळ काही मोजता येत नाही. म्हणून त्यानं माळभर बारा चौकोन आखले होते. दर भाद्रपदात तेवढ्यातलं गवत कापायचं, तोलायचं आणि त्यावरून सगळ्या माळाचा अंदाज बांधायचा. तीन वर्षं आकडा चढतच गेला. मेंढरं चरतात तरी गवत वाढतंय, सबब चराई चालू ठेवायला हरकत नाही, असं त्यानं अहवालात छातीठोक लिहून दिलं होतं. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक. पण माळावरच्या धनगरांना गाठून त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, "तुमचं काम झालं समजा."

भाद्रपदात सगळाच माळ हिरवागार असतो. आत काय अन् बाहेर काय, नजरेला फरक दिसत नाही. आज मॅडम पडताळणीला येणार म्हणून तो पहिल्यांदाच पौषात इथं आला आणि चौकोनाच्या कडेला थिजून उभा राहिला. सुरीनं कापावी तशी रेघ होती. रेघेच्या आत गवत, बाहेर उघडा मुरूम. धावतपळत तो बाकीचे चौकोन बघून आला. सगळ्यांची तीच गत. आत मेंढरू शिरलेलंच नव्हतं. कधीच.

"ए बाबा! ए इस्वंभर! काय करून राहिलास?"

ओढ्याकडून भागाबाई पळत येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पदर. कळप तिचा होता. साठीला आलेली बाई, पण धाप लागली तरी आवाज खणखणीत.

"भागामाय, ह्या मेंढ्या आत घाल. लवकर!"

"आत? देवाच्या जागंत?" तिनं काठी आडवी धरली. "येडा का खुळा तू? तीन साल झालं, एकीचा पाय पडू देला न्हाई म्या. तिकडं तोंड केलं की पाठीत काठी."

"कुठला देव इथं?"

भागाबाईनं काठीनं कोपऱ्यातला दगड दाखवला. शेंदरी दगड. पुढं नारळाची करवंटी, उदबत्तीच्या जळक्या काड्या, वाळून काळं पडलेलं झेंडूचं फूल.

विश्वंभर बघतच राहिला. चौकोनाची खूण म्हणून तो दगड त्यानंच रोवला होता. आधी चुना लावला, तो पहिल्याच पावसात धुऊन गेला. मग घराच्या दाराला लावून उरलेला शेंदरी ऑइलपेंट होता, तो फासला. माळावरच्या प्रत्येक चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना. भाद्रपदात दगड गवतात बुडालेले असायचे. मागं एकदा एक करवंटी पायाला लागली होती, तर कुणी पोरांनी नारळ खाल्ला असेल म्हणून त्यानं ती लाथेनं उडवली होती.

"भागामाय, हा दगड मी रंगवलाय. डब्यातला रंग आहे तो."

"रंग कुणी बी लावंल. लावायची बुद्धी कुणी देली?" ती म्हणाली. "दगड दिसले त्याच साली मेंढरांत रोग आला, तवा आमच्या ह्यांनी इथंच नारळ फोडला. सगळ्यांची मेंढरं मेली, आमचं एक गेलं न्हाई. तवापासून समदे राखतेत."

फाट्याच्या बाजूला धुरळा दिसायला लागला होता.

"अगं, मी लिहून बसलोय की मेंढरं चरून गवत वाढतंय. ती आत चरलीच नाहीत! बाहेर बघ, काय उरलंय? मॅडमना हे कळलं तर माळ बंद करतील."

भागाबाईनं बाहेरचा मुरूम बघितला, आतलं गवत बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. तोंड एवढंएवढं झालं.

"आमी तर चांगलं म्हणून राखलं," ती म्हणाली. "देवाचं बी, तुझं बी."

"माहीत आहे गं मला."

"मंग जावं कुठं आमी? खाली समदीकडं हळद, हरभरा. बांधावर उभं राहू देत न्हाई कुणी."

विश्वंभर खाली वाकला. बाहेरच्या मुरमातून त्यानं मूठभर लेंड्या गोळा केल्या. निदान आत मेंढरू जाऊन आल्यासारखं तरी दिसावं. मूठ उगारली, तोच भागाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"देवाच्या अंगावर घाण टाकतो? हात झडंल तुझा."

तेवढ्यात जीप येऊन थांबली. लेंड्या मुठीतच राहिल्या.

दीपा मॅडम उतरल्या. वयानं विश्वंभरएवढ्याच, पण हुद्द्यानं फार वरच्या. माळ राखायचा की चरायला द्यायचा, हे त्यांच्या सहीवर ठरणार होतं. बोलणं मात्र साधं.

"विश्वंभर, अहवाल वाचला तुमचा. मनापासून केलेलं काम आहे."

"थँक्यू मॅडम," तो म्हणाला आणि हात पाठीमागं नेऊन मूठ सैल सोडली.

गवत बघून मॅडम हरखल्या. चौकोनात शिरल्या, खाली बसल्या, बोटांनी गवत बाजूला सारून जमीन बघितली. मग दोन पावलं सरकून पुन्हा. मग पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा. उठून त्या रेघेबाहेर आल्या, कुसळीचा एक खुंट उपटून हातात धरला आणि तो फिरवत उभ्या राहिल्या. विश्वंभरच्या कानशिलावरून घामाची धार लागली होती, आणि थंडी तर चांगली होती.

"माळावर मेंढ्या रोज चरतात ना?"

"हो मॅडम."

"मग चौकोनात एकही लेंडी कशी नाही?"

विश्वंभर पायानं मुरूम उकरत राहिला.

मॅडम भागाबाईकडं वळल्या.

"मावशी, कळप तुमचा?"

"व्हय."

"चारणाऱ्याचा जबाब मला घ्यावाच लागतो. तुमची मेंढरं ह्या दगडांच्या आत चरतात का? पावसात लेंड्या वाहून जात असतील, वरच्यावर चरून जात असतील, असंही असू शकतं. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेते. फक्त खरं सांगा."

दार उघडंच होतं म्हणायचं. नुसतं हो म्हणायचं होतं.

भागाबाईनं पायातल्या चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. अनवाणी मुरमावर ती दगडाशेजारी उभी राहिली. एकदा कळपाकडं बघितलं, एकदा दगडाकडं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. काठीवरच्या हाताच्या शिरा टरटरून वर आल्या होत्या. विश्वंभरला ते बघवेना. त्या दगडापुढं ही बाई आता खोटं बोलणार, आणि उद्या एक कोकरू जरी लंगडलं तरी आपल्या खोट्यापायी लंगडलं म्हणून उरलेला जन्म झुरणार. कशासाठी, तर त्याच्या डब्यातल्या उरलेल्या रंगासाठी!

"म्याडम," भागाबाईनं तोंड उघडलं, "आमची मेंढरं..."

"नाही चरत," विश्वंभर म्हणाला.

मग सगळंच बाहेर आलं. चुना, ऑइलपेंट, रोग, नारळ. बोलताना तो भागाबाईकडं बघत नव्हता.

मॅडमनी मध्ये एकदाच विचारलं, "बाराही चौकोन?"

"बाराही."

"मग ही मोजणी धरता येणार नाही." त्यांनी हातातला खुंट टाकला. "नव्यानं करावी लागेल, आणि ती होईपर्यंत माळ बंद ठेवा असं मला लिहावं लागेल. वाईट वाटतं, पण बाहेर काय उरलंय ते तुम्हीच बघा."

"किती दिवस?"

"दोन पावसाळे तरी." मग भागाबाईकडं बघून, "मावशी, तुमची काही चूक नाही यात."

जीपमध्ये बसता बसता मॅडमनी विश्वंभरला जवळ बोलावलं.

"तुम्ही स्वतःहून सांगितलंत. माझ्या लक्षात राहील. नवी मोजणीही तुम्हीच करा."

जीप गेली. धुरळा खाली बसेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. भागाबाई चपला पायात घालत होती. तिच्याजवळ जायला त्याला बराच धीर गोळा करावा लागला.

"भागामाय, देवापुढं तुला खोटं बोलावं लागलं असतं. मला नाही बघवलं."

"म्या बोलणार होते."

"तेच म्हणतोय मी..."

"तू काय म्हणतो? बोलणार होते म्या! देवाला बोकड कबूल करून झाला होता माझा. समदं बोलणं झालं होतं माझं आन् त्याचं. त्यानं पदरात घेतलं असतं, न्हाईतर न्हाई. पाप माझं होतं, म्या फेडलं असतं. तुला कुणी सांगितलं मधी पडाया?"

विश्वंभर खाली मान घालून उभा राहिला. तिच्यासाठीच बोललो, असं ओठांवर आलं होतं. पण सकाळपासूनची ती धडधड, तो घाम, पकडलं जायची ती भीती, ते सगळं नेमकं कुणासाठी होतं हे त्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं.

भागाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. पुन्हा बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि त्याला तेच जास्त लागलं.

"आता हलकं वाटून राहिलं ना तुला?"

वाटत होतं. कितीतरी तासांनी छातीभर श्वास येत होता. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. दगड पायाशीच होता, त्यानं स्वतः रंगवलेला. त्याच्यापुढं नाही म्हणवेना. शेवटी त्यानं मान हलवली. हो.

"मंग झालं," भागाबाई म्हणाली आणि मेंढरं वळवायला निघाली.