अढीवरचा पंखा

हंबीररावांनी एसटीत तीस वर्षं तिकिटं तपासली, आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड काही सुटली नाही. दूध तापत ठेवलं की तीनदा झाकण उचलायचं, कुलूप लावलं की चारदा ओढून बघायचं. डिसेंबरात लेकीचं, मोनाचं लग्न करून तिला कराडला धाडलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन: "बरं हाय न्हवं? जेवलीस का?"

नव्याण्णव साली अधिक महिना नेमका ज्येष्ठात आला, ऐन आंब्यांत. हंबीररावांनी लग्नाच्या मांडवातच जावयाला शब्द देऊन ठेवला होता, "अधिकात या पावणं, आमच्या गारगोटीच्या शेतातल्या झाडाचा रस पाजतो. हापूस इसरशिला!" चारचौघांत दिलेला शब्द. म्हणून त्यांनी साठ पाडाचे आंबे उतरवून आणले आणि राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरून अढी लावली. जेवण पुढच्या रविवारी.

बुधवार उजाडला तरी आंबे दगडासारखे. सहा दिवसांत एकाला पिवळा रंग चढेल तर शपथ!

"पिकतील कसं?" त्यांच्या बायको बायडाबाई कडाडल्या. "दिसातनं धा बारी पिंजर उपसतासा. वर पंखा लावून ठेवलायसा!"

"आंब्यास्नी उकडत असंल म्हणून लावला."

"मग सरबत बी पाजा की त्यास्नी!"

हंबीररावांचं तोंड एवढंसं झालं. जावयापुढं बाजारचा रस ठेवायचा म्हणजे नाकच कापलं जायचं. सातच्या फोनवर त्यांनी मोनाला सगळं सांगितलं. मोना वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. ती आधी पोटभर हसली.

"अण्णा, पिकाय लागलेल्या फळातनं एक वायू सुटतोय. इथिलीन. झाडाचं संप्रेरकच हाय ते. कोंडून ठिवलं की शेजारची फळंबी पिकवतंय. तुमी सारखं उघडून, पंखा लावून त्याला घालवतासा. पंखा बंद करा, मधी चार पिकलेली केळी ठेवा, वर गोणपाट टाका. आणि रविवारपतोर हात लावू नगासा."

"मग पिकल्यालं कळायचं कसं?"

"वास सांगंल की."

केळी ठेवली, गोणपाट घातलं, आणि नवऱ्याला ओळखून असलेल्या बायडाबाईंनी खोलीला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली. हंबीरराव दाराशी खुर्ची टाकून बसले. कुलूप तेवढं ओढून बघत. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी पेपर वाचता वाचता त्यांचं नाक हललं. दाराच्या फटीतून असा वास येत होता की ते वाचायचा चष्मा न उतरवताच खुर्चीतून उठले आणि बायडाबाईंना हाका मारत सुटले. बायडाबाईंनी किल्ली दिली नाहीच.

रविवारी मोनाला घेऊन आलेल्या जावयांनी, उदयसिंहांनी, हुपरीच्या चांदीच्या वाटीतून पाच वाट्या रस रिचवला. "मामा, हापूस इसरलो," म्हणाले. हंबीररावांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी धोक्यात आली.

तरी खोड ती खोडच. मोना मोरीवर हात धूत होती, तिथं जाऊन त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग. सासरी बरं हाय न्हवं?"

मोनानं नळ बंद केला. "अण्णा, चार दिस अढी उघडली न्हाई, काय बिघडलं का? नवं घर हाय माझं. रोज सातला फोन वाजला की समदी माझ्या तोंडाकडं बघत्यात. मलाबी जरा झाकून ऱ्हाऊ द्या की."

हंबीररावांना आधी राग आला, मग फार वाईट वाटलं. लेक बोलली ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. ते कोयी उचलायला लागले.

सोमवारी सातला ते फोनजवळ गेले आणि नुसतंच त्यावरची धूळ पुसून आले. मंगळवारी बायडाबाईंना घेऊन भाजीला गेले. बुधवारी घड्याळाकडं पाठ करून बसले. तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी सव्वासातला फोन वाजला.

"अण्णा, तीन दिस झालं, तुमचा फोन न्हाई," पलीकडून मोना म्हणाली. "बरं हाय न्हवं? जेवलासा का?"

"जेवलो की," हंबीरराव म्हणाले, आणि बायडाबाईंना हातानंच ताट वाढायची खूण केली.